कुत्र्याला कच्चं मांस देताय? पोट बिघडवणाऱ्या या चुका टाळा

सोलापुरात चांगलं चिकन-मटण मिळायला लांब जावं लागत नाही, त्यामुळे कुत्र्याला कच्चं खाणं सुरू करणं सोपं वाटतं. चार दिवसांत जुलाब लागतात आणि घरातले म्हणतात, "याला कच्चं सोसत नाही." नीट विचारपूस केली की बहुतेक घरांत घाई, चुकलेलं माप, नाहीतर आपलं ऊन कारण निघतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. कच्च्या मांसात साल्मोनेलासारखे जंतू असू शकतात आणि ते माणसांपर्यंतही येतात. म्हणूनच अमेरिकन व्हेटरनरी मेडिकल असोसिएशनने २०१२ मध्ये कच्चं मांस देऊ नये अशी भूमिका घेतली. घरात तान्हं बाळ, गरोदर बाई किंवा केमोथेरपी चालू असलेलं माणूस असेल, तर मांस शिजवूनच द्या, हाड न घालता.

एका दिवसात बदल करणं
भाकरी-दुधावर वाढलेल्या कुत्र्यापुढे सकाळी अचानक अर्धा किलो मांस ठेवलं की जुलाब ठरलेलेच. सात ते दहा दिवस घ्या. सुरुवातीला फक्त बिनहाडाचं, चरबी-कातडी काढलेलं चिकन, तेही जुन्या खाण्याच्या पाव हिश्शाइतकं. शी बांधून आली की वाढवा. हाड त्यानंतर आणि कलेजी सगळ्यात शेवटी. चिकन, मटण, मासळी एकाच आठवड्यात दिलीत तर नेमकं काय बाधलं ते कळणारच नाही.

हाड आणि कलेजी अंदाजाने घालणं
सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला दिवसाला वजनाच्या दोन ते तीन टक्के खाणं लागतं. वीस किलोच्या कुत्र्याला ५०० ग्रॅम धरा. कच्चं खाऊ घालणारे बहुतेक जण त्यात हाड दहा टक्के, म्हणजे ५० ग्रॅम, कलेजी २५ ग्रॅम आणि गुर्दा-तिल्ली २५ ग्रॅम असं माप ठेवतात, बाकी मांस. चिकनच्या मानेत एक तृतीयांशाहून थोडं जास्त हाड असतं, म्हणजे १५० ग्रॅम मानांत दिवसाचं हाड भागतं. दुकानदार मान-पंख स्वस्तात देतो म्हणून नुसतं तेच घातलं की शी कडक होऊन कुत्रा बागेत कण्हत बसतो. पेटे (कोंबडीच्या पोटाचा जाड, मांसल भाग) आणि दिल मात्र मांसातच मोजा.

माप चुकलं की शी सांगते. पांढरी, खडूसारखी, काडीने दाबली की भुगा होणारी शी म्हणजे हाड जास्त झालं. तपकिरी-काळपट आणि पातळ असेल तर कलेजी कमी करा. पण डांबरासारखी काळीकुट्ट, चिकट शी आतल्या रक्तस्रावाची असू शकते. तिथे घरगुती उपाय करू नका. कधीतरी आव पडली तर घाबरू नका, रोज पडत असेल तर शी तपासून घ्या.

रविवारच्या रश्श्यातली हाडं तर नकोतच. शिजलेलं हाड टोकदार फुटतं आणि आतडं फाडू शकतं, शिवाय त्याला कांदा-लसूण लागलेला असतो, तो कुत्र्याला विषारी.

सोलापूरचा उन्हाळा विसरणं
एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४३ ला टेकतो. अशा वेळी अंगणात ठेवलेलं मांस तासाभरातच धोक्याचं होतं. पहाटे आणि दिवस मावळल्यावर खायला घाला, वीस मिनिटांत उरलेलं उचला, भांडं साबणाने धुवा. बर्फ झालेलं मांस ओट्यावर न ठेवता फ्रिजच्या खालच्या कप्प्यात सुटू द्या. फ्रीजरमध्ये साल्मोनेला मरत नाही, नुसता थांबतो. लाइट बराच वेळ जाऊन मांस विरघळून कोमट झालं असेल तर ते टाकूनच द्या.

फुकटची फुप्फुसं-कलेजी घालणं
शेळ्या-मेंढ्यांच्या कलेजीत आणि फुप्फुसात कधी कधी पाण्याने भरलेले फोड असतात. ते हायडॅटिड जंताचे. कुत्र्याने ते खाल्ले की जंत त्याच्या आतड्यात वाढतात, अंडी शीतून पडतात आणि माणसाच्या पोटात गेली तर यकृतात, फुप्फुसात तसेच फोड येतात. कुत्रा वरून ठणठणीत दिसतो! असा तुकडा उकळूनही घालू नका. प्राझिक्वांटेल असलेलं जंताचं औषध किती दिवसांनी द्यायचं ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

जुलाब लागल्यावर माणसांच्या गोळ्या देणं
जुलाब थांबवायच्या आपल्या गोळ्या काही जातींच्या कुत्र्यांना थेट बाधतात. मोठं कुत्रं तरतरीत असेल तर एक वेळचं खाणं टाळा, पाणी भरपूर ठेवा, मग उकडलेलं चिकन, मऊ भात आणि चमचाभर उकडलेला लाल भोपळा द्या. दही चमचाभर चालेल, वाटीभर नको. पिल्लाला उपाशी ठेवू नका. लस न झालेल्या पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब झाले तर खाण्याला दोष देत बसू नका, पार्व्हो हा विषाणूचा गंभीर आजार असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. मोठ्या कुत्र्याच्या हिरड्या सुकल्या, पाठीची कमान झाली किंवा पाणीही उलटून पडू लागलं तरी हेच. जाताना ताजी शी स्वच्छ डबीत घ्या आणि दोन दिवसांत काय काय, किती घातलं ते कागदावर लिहून न्या.