दातांसाठी झायलिटॉल घेताय? आधी या चुका टाळा

"म्याडम, साखर तर कवाच सोडली. सेंद्रिय गूळच खायलो मी."

असं म्हणत खुर्चीत बसणारा पेशंट आठवड्याला एक तरी असतोच. तोंड उघडलं की मागच्या दोन दाढा पोखरलेल्या. अंबाजोगाईत दवाखाना टाकून मला अठरा वर्षं झाली. पूर्वी ही मंडळी गुळावर थांबायची. आता मोबाइलवर काहीतरी बघून झायलिटॉल नावाच्या, साखरेऐवजी वापरायच्या गोड भुकटीचा डबा मागवतात आणि वर्षभरानं येऊन मलाच विचारतात, "ते काही कामाचं नाही का हो?"

कामाचं आहे, पण ते काय करतं ते आधी ऐका. तोंडातले म्युटन्स नावाचे जंतू साखर खाऊन आम्ल सोडतात. तोंडातला पीएच (आम्लाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) साडेपाचच्या खाली गेला की दाताच्या वरच्या कवचातून कॅल्शियम सुटायला लागतं. लाळ ते आम्ल हळूहळू धुते, त्याला साधारण अर्धा तास लागतो. झायलिटॉल गोड लागतं साखरेइतकंच, पण त्याची घडण वेगळी असल्यामुळं या जंतूंना ते पचत नाही आणि त्यातून आम्लही होत नाही. फिनलंडमधल्या तुर्कू शहरात १९७०च्या दशकात यावर मोठे अभ्यास झाले आणि १९७५ मध्ये तिथंच झायलिटॉलचं पहिलं च्युइंगम बाजारात आलं.

नैसर्गिक म्हणजे दाताला चालतं, हा समज

माझा सगळ्यात जुना राग यावरच आहे. गूळ, मध, काकवी, खडीसाखर हे सगळं नैसर्गिक, आणि म्युटन्स जंतूंसाठी सगळंच पंगतीचं जेवण. खडीसाखर तर निव्वळ साखर, फक्त खड्याच्या रूपात. गुळात थोडं लोह असेल, पण जंतू लोह बघून जेवत नाहीत.

धारूरकडच्या एक मावशी आल्या होत्या. तंबाखू सोडली म्हणून मी त्यांचं कौतुक करायच्या बेतात होते. तोंड उघडलं तर उजवीकडच्या तीन दाढा हिरडीपाशी करवतीनं कापल्यासारख्या. डावी बाजू ठणठणीत. एकाच बाजूला इतकी कीड का, हे मला काही उमगेना. ब्रश करायचा हात कुठला, त्या बाजूनं चावता का, सगळं विचारून झालं. शेवटी त्यांनी पदराची गाठ सोडली. आत खडीसाखर. तंबाखूची तलफ आली की एक खडा उजव्या गालात, तो विरघळला की दुसरा. सकाळी उठल्यापासून रात्री पडेपर्यंत. म्हणजे लाळेला अर्ध्या तासाची सवड दिवसभरात एकदाही मिळाली नाही.

"देवाच्या प्रसादाला असती की बाई खडीसाखर, तिनं कसं किडंल?" त्यांच्या या प्रश्नाला माझ्याकडं आजही धड उत्तर नाही. दोन दाढा काढाव्या लागल्या.

तेव्हापासून मी गूळ सोडा असं सांगत नाही, कुणी सोडतही नाही. भाकरीबरोबर हवा तेवढा खा, ताट उचललं की विषय संपला. गालात काही ठेवायचंच असेल तर तिथं झायलिटॉलची गोळी ठेवा. मावशींना मी तेच दिलं.

आणि हो, डब्यावर हिरवं पान छापलेलं बघून झायलिटॉल झाडावरून तोडून आणतात असं समजू नका. सिल्लोड-कन्नडकडं दाणे काढल्यावर उरलेलं मक्याचं बुरकुंड चुलीत घालतात ना, तसल्या बुरकुंडातून किंवा बर्च झाडाच्या लाकडातून एक साखर काढतात आणि निकेल वापरून तिच्यावर हायड्रोजनची प्रक्रिया करतात. वाईट काही नाही त्यात, पण "केमिकल नको, नैसर्गिक द्या" म्हणणाऱ्यांनी एवढं ऐकून ठेवावं.

साखरेच्या डब्यात साखरेसारखं वापरणं

ही चूक माझी स्वतःची, त्यामुळं सविस्तर सांगते. एका दिवाळीला शहाणपणा सुचला आणि बेसनाच्या लाडवात पिठीसाखरेऐवजी अर्धा किलो झायलिटॉल दळून घातलं. पस्तीस लाडू झाले. चवीला फक्कड, फक्त जिभेवर पुदिन्यासारखा गारवा, कारण त्याचे कण विरघळताना उष्णता ओढून घेतात. सासूबाई म्हणाल्या, "लाडवात बर्फ घातलास का गं?" धाकट्या दिरांना मात्र फार आवडले. "वहिनी, शुगरफ्री हायत ना? मग द्या अजून एक." असे चार गेले.

आता हिशेब करा. एकेका लाडवात चौदा ग्रॅम, चार लाडवांचे छप्पन्न. झायलिटॉल आतड्यात पूर्ण शोषलं जात नाही. उरलेलं पाणी ओढतं आणि पोट ढवळतं. एका वेळी तीस-चाळीस ग्रॅमच्या पुढं गेलात की बहुतेकांना जुलाब होतात, लहान मुलांना त्याहून कितीतरी कमी पुरतं. मी डेंटल कॉलेजात हे शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. रात्री दोन वाजता घरात संडास एक आणि दाराशी उभे पाचजण. दीर अजून मला "लाडूवाल्या डॉक्टर" म्हणतात.

दाताला इतकं लागतच नाही. दिवसाला पाच-सहा ग्रॅम, तेही तीन-चार वेळा विभागून. चहात ढवळलेलं झायलिटॉल दोन घोटात घशाखाली जातं, दाताशी त्याची भेटच होत नाही. शिवाय तो चहा घेताना ग्लुकोजचं बिस्किट बुडवून खायचं आणि मला येऊन सांगायचं, "साखर बंद हाय." गोळी किंवा च्युइंगम बरं, कारण चघळताना लाळही सुटते. मी दुपारी डबा खाल्ला की दोन च्युइंगम तोंडात टाकते आणि घड्याळ लावून पाच मिनिटं चावते. तसंच सकाळी न्याहारीनंतर आणि रात्री जेवणानंतर. मग ब्रश. बस्स.

मिठाईत मी ते आता घालतच नाही. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या संशोधकांनी रक्तात झायलिटॉल जास्त असण्याचा हार्ट अटॅक आणि पक्षाघाताशी संबंध दाखवला. त्यामुळंच ते होतं असं सिद्ध झालेलं नाही, पण हृदयाचं दुखणं असलेल्याला मी तरी लाडू देणार नाही.

चिक्कीसाठी तर आणूच नका, पाक रंग धरत नाही. यीस्टची कणीकही फुगत नाही.

"शुगर फ्री" एवढंच वाचणं

पाकीट उलटं करा. मागं बारीक अक्षरात ९६७ आकडा शोधा, ते झायलिटॉल. ४२० म्हणजे सॉर्बिटॉल, स्वस्त असतं म्हणून च्युइंगममध्ये भरपूर घालतात, आणि जंतू ते हळूहळू का होईना खातात. ९५५ सुक्रालोज, ९६० स्टीव्हिया. यादीत जे आधी लिहिलेलं ते जास्त, त्यामुळं ९६७ शेवटी सापडलं तर ते नावापुरतं. स्टीव्हियानं दात किडत नाहीत, पण काही पुड्यांत वजन वाढवायला डेक्स्ट्रोज नावाची साखरच घालतात, त्यानं किडतात. आंबट शुगरफ्री गोळ्यांत सायट्रिक आम्ल असतं. मग जंतूंची गरजच काय?

कुत्रं पाळत असाल तर डबा माळ्यावर ठेवा. थोडंसं झायलिटॉलही कुत्र्याच्या रक्तातली साखर एकदम पाडतं, यकृतही जातं. खाल्लं तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता जनावरांच्या डॉक्टरकडं पळा.

तीन-चार वर्षांच्या पोराला च्युइंगम देऊ नका, घशात अडकतं. त्यापेक्षा आईनं चावावं. आईच्या तोंडातले म्युटन्स जंतू उष्ट्या चमच्यातून बाळाकडं जातात, आणि आईनं बाळ तान्हं असल्यापासून झायलिटॉल चघळलं तर ते कमी जातात, असं फिनलंडमध्येच दिसलं आहे.

पेस्ट सोडून देणं

नांदेडकडचे लोक म्हणतात, "आमच्या बोअरच्या पाण्यातच फ्लोराईड, पेस्टमधलं कशाला?" पाण्यातल्या जादा फ्लोराईडनं दातावर पिवळे-तपकिरी डाग पडतात हे खरं, पण पेस्ट थुंकायची असते, प्यायची नसते. जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१५ च्या आढाव्यात फ्लोराईडच्या पेस्टमध्ये दहा टक्के झायलिटॉल घातल्यावर मुलांच्या पक्क्या दातांतली कीड तेरा टक्क्यांनी कमी दिसली, आणि तो पुरावाही कच्चाच होता. म्हणजे मुख्य काम पेस्टचं, झायलिटॉल नुसतं हाताखालचं.

मागच्या महिन्यात केजचा एक तरुण आला. आठ महिने इमानदारीत च्युइंगम चावत होता, दाढेत हरभरा मावेल एवढं भोक ठेवून.

"म्याडम, अजून किती दिवसांत बुजंल हे?"

"नाही बुजणार. आ कर."