गिटारमध्ये तांब्याची टेप: चिकटवणं सोपं, जोडणं अवघड

इलेक्ट्रिक गिटारची चरचर रोखायला तिच्या आतली वायरिंगची पोकळी तांब्याच्या टेपनं मढवतात. ही टेप विकत घेण्याआधी अँप चालू ठेवून गिटारसकट जागेवरच गोल फिरा. दिशेबरोबर घूं-घूं कमी-जास्त होत असेल, तर ती जवळच्या ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्राची हम आहे. ५० हर्ट्झचं क्षेत्र सेंटिमीटरभर जाड तांब्यालाही पुरतं जुमानत नाही; टेप तर मिलिमीटरच्या काही शतांशांची. त्यावर हमबकर पिकअप, म्हणजे तारांचं कंपन टिपणाऱ्या, एकमेकींची हम खोडणाऱ्या दोन गुंडाळ्या, हा इलाज. पण दिव्याचा डिमर लावल्यावर वाढणारी, तारांना हात लावला की दबणारी चरचर असेल, तर पुढे वाचा.

तारा काढा, पिकगार्ड (पोकळीवरचं झाकण) उघडा, वायरिंगचा फोटो घ्या, पोकळीतली धूळ पुसा. टेप तांब्याचीच घ्या. ‘ॲल्युमिनियमनंही भागतं’ म्हणणाऱ्यांनी त्यावर साधं सोल्डर धरून दाखवावं.

आता खरी भानगड. पहिल्यांदा मी पोकळीचा तळ आणि भिंती मढवल्या, चमच्याच्या पाठीनं घोटून आरशासारख्या केल्या. चरचर जशीच्या तशी! मल्टीमीटरची एक पिन तळावर, दुसरी भिंतीवर ठेवली, तर काहीच जोडलेलं नाही. प्रत्येक तुकडा आपापल्या गोंदावर सुटा बसला होता. साध्या टेपचा गोंद वीज वाहून नेत नाही, त्यामुळे एकावर एक चढवलेल्या पट्ट्यांमध्ये तांब्याला तांबं लागतच नाही.

‘कंडक्टिव्ह गोंदाची टेप घ्या, प्रश्न मिटला’ हा सल्लाही अर्धवट. त्या गोंदातून वीज जाते ती त्यातल्या धातूच्या कणांमधून, आणि घोटताना दाब कमी पडला की जोड कच्चा राहतो. म्हणून टेप कुठलीही असो, प्रत्येक जोडावर मी सोल्डरचा ठिपका देतो. जागा आधी बारीक सँडपेपरनं घासायची, फ्लक्स (सोल्डर नीट धरावं म्हणून लावतात तो) लावायचा, तापलेलं टोक दोन-तीन सेकंद टेकवून उचलायचं. जास्त रेंगाळलात तर गोंद वितळून पट्टी सुटते. आणि टेपच्या कडेवरून बोट फिरवू नका, ब्लेडसारखी कापते.

मीटरच्या बीपवर विसंबू नका. बरेच मीटर तीस-चाळीस ओहमलाही खुशाल बीप देतात. आकडा बघा. आधी दोन्ही पिना एकमेकींना टेकवून काय दिसतं ते पाहा. पोकळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जवळपास तेवढंच दिसायला हवं. त्यात अर्ध्या ओहमची जरी भर पडली, तरी मी जोड पुन्हा करतो.

पिकगार्डच्या मागेही टेप लावा. पोकळीतल्या टेपची एक जीभ वर काठावर, स्क्रूच्या भोकापर्यंत आणा, म्हणजे झाकण आवळताच दोन्ही जुळतील. टेपपासून एक वायर व्हॉल्यूम पॉटच्या (व्हॉल्यूमच्या बटणाखालचा भाग) पाठीला, म्हणजे गिटारच्या ग्राउंडला. ही राहिली तर टेप नुसतीच सजावट, कधीकधी आधीपेक्षा जास्त चरचरणारी.

शेवटी जॅक, म्हणजे केबलचा प्लग घालायची जागा. त्याची वाकडी पत्ती प्लग आत गेला की बाहेर सरकते. प्लग न घालता तपासलं तेव्हा सगळं ठीक होतं. वाजवायला घेतली तर गिटार मुकी. पत्ती टेपला टेकून सिग्नल थेट ग्राउंडला जात होता. म्हणून व्हॉल्यूम पूर्ण वाढवा, केबल गिटारमध्ये घाला आणि तिच्या मोकळ्या टोकाला, प्लगचं टोक ते बाहेरची दांडी असं मोजा. काही किलोओहम दिसले तर ठीक. शून्य दिसलं तर पत्तीसमोरच्या टेपवर इन्सुलेशन टेपचा तुकडा लावा, पुन्हा मोजा आणि मगच स्क्रू आवळा.