प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी सुटते? निदान या चुका तरी टाळा

प्रोस्टेट कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये अख्खी ग्रंथी निघते. लघवी अडवण्याचं तिच्याकडचं कामही तिच्याबरोबर जातं आणि सगळा भार खालच्या एका स्नायूवर येतो. म्हणून आठ-पंधरा दिवसांनी लघवीची नळी काढली की खोकताना, खुर्चीतून उठताना लघवी सुटते. संध्याकाळी जास्त, कारण तोवर स्नायू दमलेला असतो. हे सुधारायला काही महिने लागतात, कुणाला वर्षही. मी फिजिओथेरपिस्ट आहे; दुसऱ्याच आठवड्यात ‘अजून फरक नाही’ म्हणून चिडणारे काका मला नवे नाहीत.

पहिली चूक म्हणजे पाणी तोडणं. लघवी गडद होते, मूत्राशयाला झोंबते आणि घाई उलट वाढते. वर बद्धकोष्ठ, मग कुंथणं, मग आणखी गळती. तोडायचाच असेल तर चहा तोडा. पाणी दिवसभर घोट घोट घ्या, रात्रीच्या जेवणानंतर हात आखडता.

आता व्यायाम. सगळ्यात जास्त वाटोळं इथे होतं. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मोबाईलवर व्हिडिओ बघून दिवसाला पाचशे वेळा ‘आवळत’ होते. महिन्याभरात गळती वाढली. त्यांना करून दाखवायला सांगितलं, तर श्वास कोंडलेला, चेहरा लाल, पोट फुगलेलं, कुल्ले दगड! ते आवळत नव्हतेच, टूथपेस्टची ट्यूब वरून दाबावी तसं मूत्राशय खाली दाबत होते. व्यायाम करतानाच पँट ओली होत होती आणि ते त्याला ‘मेहनतीचा घाम’ म्हणत होते.

खरी हालचाल छोटी असते. चारचौघांत वारा रोखतो तसं आवळायचं आणि लिंग आत ओढल्याचा भास व्हायला हवा. आरशासमोर उभं राहिलात तर लिंगाचं मूळ किंचित आत जाताना आणि वृषण जरासे उचलले जाताना दिसतात. श्वास चालू, मांड्या सैल. मी आधी झोपून दहाच वेळा करायला लावते, आणि जितका वेळ आवळलं तितकाच वेळ सोडायचं. सोडणं हासुद्धा अर्धा व्यायाम आहे, हे शतकवीरांना पटत नाही. ते जमलं की उठण्याआधी, शिंकण्याआधी आवळायची सवय लावा. नळी आत असताना मात्र काही करू नका. आणि रोज लघवी करताना मध्येच धार तोडून ‘प्रॅक्टिस’ तर अजिबात नको.

आणखी एक मोठी चूक गोड बातमीच्या वेशात येते. एक काका पेढे घेऊनच आले: चार दिवस पॅड कोरडं! मी धार कशी आहे विचारलं. ‘बारीक झालीय, जोर करावा लागतो, पण गळत तर नाही ना?’ पेढा बाजूला ठेवला आणि त्यांना त्याच दिवशी युरॉलॉजिस्टकडे पाठवलं. ऑपरेशनमध्ये मूत्राशय आणि मूत्रमार्ग जोडलेल्या जागी व्रण आवळून वाट अरुंद झाली होती. दुर्बिणीतून मोकळी करावी लागली. एक-दोन दिवस उशीर झाला असता, तर मध्यरात्री लघवी पूर्ण तुंबून धावपळ झाली असती. धार बारीक होणं, जोर लागणं, किंवा मूत्राशय भरलेलं असताना थेंब थेंब गळणं याला सुधारणा म्हणत नाहीत.

रेडिएशन घेतलेल्यांची वेगळीच तऱ्हा. काही वर्षांनी लघवीत रक्त दिसतं आणि घरात ‘उष्णता’ ठरते. सब्जा, धने-जिऱ्याचं पाणी सुरू. रेडिएशनने मूत्राशयाचं अस्तर नाजूक होऊन उशिराही रक्त येऊ शकतं, पण कारण तपासल्याशिवाय कळत नाही. गुठळ्या दिसल्या तर थांबूच नका.

बाकीच्या किरकोळ. ‘लागो न लागो’ म्हणून दर अर्ध्या तासाला जाऊ नका, मूत्राशयाला थोड्याची सवय लागते. प्रोस्टेट जागेवर ठेवून रेडिएशन झालं असेल तर सर्दीची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. काहींनी लघवी अडते. जुन्या धोतराच्या घड्या नकोत, चांगलं पॅड आणा. जळजळ आणि ताप असेल तर व्यायाम नाही, तपासणी.

वर्ष उलटूनही पॅडवर पॅड लागत असतील तर ‘वय झालं’ म्हणून गप्प बसू नका. कृत्रिम झडप बसवण्याचं ऑपरेशन असतं, त्याबद्दल विचारा. ती बसवली असेल तर त्याची चिठ्ठी पाकिटात ठेवा आणि पुढे कुठल्याही दवाखान्यात कुणी लघवीची नळी घालायला आलं की आधी ती दाखवा. आधी झडप उघडून ती उघडीच राहील अशी व्यवस्था न करता नळी सारली तर मूत्रमार्गाला इजा होऊ शकते.