‘थोड्या वेळात’ म्हणजे किती वाजता?

लेखा विभागात काम करायला लागून मला चौदा वर्षं झाली. दरवर्षी दोन-चार नवी मुलं-मुली आमच्याकडे रुजू होतात. हुशार असतात, मेहनती असतात, आणि तिसऱ्या महिन्यात त्यांतलं कुणीतरी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणतंच, “दिवसभर बसलेली असते, पण काम पुढे सरकतच नाही.” त्यांच्याशी जे बोलते तेच इथे लिहिते आहे. तुमचं क्षेत्र कुठलंही असो, वेळ जायच्या वाटा साधारण सारख्याच असतात.

मला स्वतःला हे ज्या संध्याकाळी कळलं, ती अजून आठवते. महिनाअखेर होती. बँकेच्या विवरणपत्राशी ताळमेळ लावत होते आणि २,७०० चा फरक येत होता. आमच्या कामात एक जुनी खूण आहे. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर बहुधा एखाद्या नोंदीत शेजारचे दोन अंक उलटे पडलेले असतात. २,७०० ला ९ ने भागलं की ३०० येतात, म्हणजे तीन शेकडे. म्हणजे हजाराच्या आणि शंभराच्या जागेवरचे अंक बदललेली नोंद शोधायची, आणि त्या दोन अंकांत ३ चा फरक हवा. एवढं डोक्यात पक्कं धरून मी एकेका ओळीवर बोट ठेवत खाली येत होते. तेवढ्यात सहकारी आले. “दोन मिनिटं आहेत का?” मी म्हटलं, “हो, बोला ना.”

वीस मिनिटांनी परत बसले तेव्हा बोट कुठल्या ओळीवर होतं तेच आठवेना. पुन्हा पहिल्यापासून. मग फोन आला. मग साहेबांनी एक आकडा विचारला. असं चार वेळा झालं. साडेआठला नोंद सापडली : ४,७५० च्या जागी ७,४५०. पहिल्या फेरीत मी उठले तेव्हा ती माझ्या बोटाखाली फक्त सहा ओळींवर होती.

घरी जाताना त्या सहकाऱ्यांचा राग आला होता. पण रात्री विचार करताना लक्षात आलं, की त्यांनी विचारलं होतं. ‘हो’ मी म्हटलं होतं, आणि तेही हातात काय आहे याकडे न बघता. आपला वेळ कुणी ओढून नेतं असं क्वचितच होतं. बहुतेक वेळा आपणच तो हातोहात देऊन टाकतो, कारण समोरचा माणूस उभा असतो आणि काम बिचारं उभं राहून मागत नाही.

या विषयावर संशोधनही झालं आहे. संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं, की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं तर आपलं लक्ष सगळंच्या सगळं वळत नाही, त्याचा काही भाग मागच्या कामातच अडकून राहतो. म्हणजे ‘दोन मिनिटं’ कधीच दोन मिनिटांची नसतात. त्यात जाण्याचे आणि परत येण्याचेही पैसे मोजावे लागतात.

मग करायचं काय? नवीन माणसाला ‘नाही’ म्हणायला शिका असा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो अर्धवट वाटतो. जेमतेम तीन महिने झालेला माणूस कुणाकुणाला नाही म्हणणार? आणि प्रत्येकाला नाही म्हणणाऱ्याशी कोण शिकण्यासारखं काही बोलणार? मी ‘नाही’ऐवजी ‘कधी’ सांगायला शिकले. “आत्ता ताळमेळ हातात आहे. साडेतीनला मीच तुमच्याकडे येते.” बस, इतकंच. यातला महत्त्वाचा भाग मात्र साडेतीनला घडतो. घड्याळात साडेतीन झाले की उठून खरंच जायचं. पहिल्या दोन-तीन वेळा तुम्ही शब्द पाळलात, की माणसं निर्धास्तपणे परत जातात, कारण आपलं काम होणार याची त्यांना खात्री असते. पाळला नाहीत, तर पुढच्या वेळी ती काम होईपर्यंत डोक्यावर उभी राहतील, आणि त्यात त्यांची काही चूक नसेल.

वरिष्ठांच्या बाबतीत थोडं वेगळं बोलावं लागतं. समजा, सकाळी एक काम दिलंय आणि दुपारी दुसरं आलं, तर मान डोलावून दोन्ही घेऊ नका. शांतपणे विचारा, “हे आज हवं असेल तर सकाळचं उद्या दुपारपर्यंत जाईल. कुठलं आधी करू?” हा उद्धटपणा नाही. साहेबांना सकाळी काय दिलं होतं हे बऱ्याचदा खरंच आठवत नसतं, आणि दोन कामांपैकी महत्त्वाचं कुठलं हे ठरवणं त्यांचंच काम आहे. ते त्यांच्याकडे परत दिल्यावर त्यांनाही बरं वाटतं, हा माझा अनुभव आहे. मनात कुढत दोन्ही कामं रात्री नऊपर्यंत रेटणाऱ्याचं कौतुक पहिल्या महिन्यात होतं. सहाव्या महिन्यात तो गृहीत धरला जातो.

पण ‘कधी’ सांगायचं तर आपल्याला कशाला किती वेळ लागतो हे ठाऊक हवं, आणि इथेच सगळे गडबडतात. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या गोष्टीवर बोट ठेवलं होतं : माणूस स्वतःच्या कामाचा अंदाज बांधताना सगळं सुरळीत होईल असं धरून बांधतो, आधी तशाच कामांना प्रत्यक्षात किती वेळ लागला होता हे बघत नाही. यावर उपाय साधा आहे. एक वही घ्या. काम सुरू करताना वाटणारा वेळ लिहा, संपल्यावर लागलेला वेळ शेजारी लिहा. महिनाभर लिहिलंत तरी पुरे. माझ्या वहीत दोन तासांच्या कामांसमोर तीन, तीन तासांच्या कामांसमोर साडेचार असे आकडे दिसायला लागले. तेव्हापासून मी दीडपट वेळ सांगते. सुरुवातीला भीती वाटायची, की लोक म्हणतील ही हळू काम करते. तसं कुणी म्हणालं नाही. उलट सांगितल्या वेळेला काम मिळतं म्हणून अवघड कामं माझ्याकडे यायला लागली.

याच्या उलट बाजूचीही एक गोष्ट आहे. ब्रिटिश इतिहासकार सी. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ मध्ये लिहिलं होतं, की काम हे त्यासाठी मिळालेल्या वेळेइतकं पसरत जातं. रात्रीपर्यंत बसायचंच आहे असं दुपारीच ठरवून टाकलं, की चारला संपणारं काम खरोखर रात्रीपर्यंत लांबतं. निघायची वेळ आधी ठरवा आणि एखाद्याला सांगूनही ठेवा.

कामाच्या वेळेनंतरच्या निरोपांबद्दल थोडं स्पष्टच बोलते. आठ तासांचा दिवस कुणी मेहेरबानी म्हणून दिलेला नाही, त्यासाठी कामगार पिढ्यान्‌पिढ्या झगडले. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने केलेला पहिलाच करार दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांच्या मर्यादेबद्दल होता. तेव्हा कारखान्याचं फाटक बंद झालं की काम संपायचं. आता ते फाटक खिशात आलंय आणि ते बंद करणं आपल्या हातात आहे. फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्कात न राहण्याच्या हक्काला कायद्यात जागा मिळाली आहे. तुम्ही राहता तिथे असा कायदा असो वा नसो, एक लक्षात ठेवा. लोक तुमच्या वेळा तुमच्या उत्तरांवरून शिकतात. पहिल्या आठवड्यात रात्री साडेदहाला झटपट उत्तर दिलंत, तर ती तुमची वेळ ठरली. रात्री निरोप दिसला तरी उत्तर सकाळी द्या. खरंच तातडीचं असेल तर फोन येईलच, आणि तो मात्र जरूर घ्या.

हे सगळं मला ऑफिसात जमलं. घरी जमायला आणखी पाच वर्षं गेली. आणि खरं सांगायचं तर हा लेख मी त्यासाठीच लिहायला घेतला.

ऑफिसात मी ‘साडेतीनला’ म्हणायचे. घरी मात्र ‘थोड्या वेळात’, ‘हे झालं की’, ‘रविवारी बघू’. परक्या माणसांना मी नेमकी वेळ देत होते आणि आपल्या माणसांना उरलेली. ती उरायची नाही.

बाबा निवृत्त झाल्यापासून आमच्याकडे राहतात. फोनमधलं काही अडलं की मला विचारतात. विचारायची पद्धत नेहमीची : “तुला वेळ असेल तेव्हा सांग.” मी “हो बाबा, थोड्या वेळात” म्हणायचे आणि मला खरंच वाटायचं की मी वेळ देईन. एकदा त्यांच्या टेबलावर काही शोधताना एक जुना लिफाफा हाताला लागला. मागच्या बाजूला त्यांच्या वळणदार अक्षरात यादी होती. ‘हिला विचारणे’ असं वर लिहून खाली अधोरेखित केलेलं. अक्षरं मोठी कशी करायची. पासवर्ड बदलणे. डॉक्टरांच्या रिपोर्टचा फोटो कसा पाठवायचा. अशा अकरा गोष्टी. सातव्या ओळीवर होतं : ‘आत्याचं भाषण, शनिवारी, फोनवर थेट कसं बघायचं’. ती ओळ खोडली होती. शिकून झालं म्हणून खोडलेली नव्हती. शनिवार होऊन गेला होता.

मी तिथेच खुर्चीवर बसले. त्या आठवड्यात मी ऑफिसात कितीजणांना वेळ दिला होता आणि वेळेवर गेले होते, ते सगळं वहीत लिहिलेलं होतं. अकरा ओळींचं काम जास्तीत जास्त तासाभराचं असेल.

आता मंगळवार आणि शुक्रवार, रात्री आठ ते साडेआठ, बाबांची वेळ. ऑफिसच्या बैठका जिथे नोंदवते तिथेच ती नोंदवली आहे, आणि त्या वेळेवर कुणी बैठक ठेवू लागलं तर ‘मी त्या वेळेला उपलब्ध नाही’ एवढंच सांगते. कारण देत बसत नाही. बाबाही आता त्यांचे प्रश्न साठवून ठेवतात. मधूनच हाक मारणं आपोआप थांबलं, कारण मंगळवार येणार हे त्यांना माहीत आहे.

घरच्या वेळेत आणखी एक गोष्ट मोजलीच जात नाही, ती म्हणजे लक्षात ठेवणं. मुलाचं लसीकरण कधी, बिलाची शेवटची तारीख कुठली, घरातलं काय संपत आलंय. हे काम दिसत नाही म्हणून ते मोकळ्या वेळेतलं समजलं जातं, आणि बहुतेक घरांत ते एकाच बाईच्या डोक्यात असतं. आम्ही दोघं रविवारी संध्याकाळी वीस मिनिटं बसतो आणि आठवड्यातलं सगळं कागदावर उतरवतो. पहिल्या रविवारी नवरा यादीकडे बघत म्हणाला, “हे सगळं तुझ्या लक्षात असतं?” त्या दिवसापासून निम्मी यादी त्याची झाली. करण्यातलीच नव्हे, लक्षात ठेवण्यातलीही.

वर्षअखेरीचे दिवस, घरातलं आजारपण, तान्हं बाळ, अशा काळात यातलं काहीही जमत नाही. तेव्हा वही बंद ठेवा आणि स्वतःला दोष देऊ नका. फक्त घरच्यांना तारखा आधी सांगा : या दिवसापासून त्या दिवसापर्यंत मी नसल्यासारखीच आहे. शेवटची तारीख दिसत असली की माणसं सांभाळून घेतात.

मागच्या लेखापरीक्षणात एका शुक्रवारी मी अडकले. पावणेआठला बाबांना फोन केला, “आज साडेनऊ होतील.” पलीकडून क्षणभर काही आवाज नाही. मग म्हणाले, “साडेनऊ ही माझी झोपायची वेळ आहे. उद्या सकाळी सातला बसू.”

सकाळी सातला गेले, तेव्हा ते चष्मा लावून, लिफाफा समोर ठेवून बसले होते. शेजारी दुसरी खुर्ची ओढून ठेवलेली होती.