आधी एकाच कॉम्प्युटरवर

गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि पावसात हटकून जाणारी वीज. गेल्या चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी त्यातल्या एका कॉम्प्युटरवर मी फायरफॉक्स हा इंटरनेट बघायचा ब्राउझर टाकला. एकाच. तुम्हीही तसंच करा. घरी एकच मशीन असेल तर जुना ब्राउझर काढू नका, दोन्ही शेजारीशेजारी सुखाने राहतात.

फुकट तर सगळेच ब्राउझर असतात. हा मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याचा कोड कुणीही उघडून वाचू शकतो. १९९८ साली नेटस्केप या ब्राउझर कंपनीने आपला कोड खुला केला, त्यातून फायरफॉक्स बनवणारी मोझिला उभी राहिली आणि नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स १.० आला. क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा हे सगळे आज क्रोमियम नावाच्या गूगलच्या खुल्या कोडच्या एकाच पायावर उभे आहेत. फायरफॉक्सचं गेको इंजिन, म्हणजे पान पडद्यावर मांडणारा भाग, वेगळं. मला ते वेगळेपणच आवडलं. दुकानात एक म्हातारी पडद्यावरचं चित्र बघून म्हणाली, "हो कोलो खंयचो रे?" म्हणजे हा कोल्हा कुठला. तिला एवढं सगळं सांगत बसलो नाही.

उतरवताना पत्त्याच्या पट्टीत फायरफॉक्स डॉट कॉम स्वतः टाइप करा. मी शोधून सगळ्यात वरच्या ओळीवर क्लिक केलं. ती निघाली जाहिरात. फायरफॉक्सच्या जोडीला कॉम्प्युटर साफ करतो म्हणणारे दोन नको असलेले 'क्लीनर' आले आणि ते उपटून काढण्यात अख्खी दुपार गेली. खरी फाईल उघडली की बाकीचा माल ती स्वतः नेटवरून ओढते, तेव्हा मध्येच नेट बंद करू नका. 'डीफॉल्ट करू का?' म्हणजे प्रत्येक लिंक यातच उघडू का, असं विचारलं तर सध्या नाही म्हणा. बुकमार्क सेटिंग्जमधल्या 'इम्पोर्ट'ने येतात. पासवर्ड आले नाहीत तर जुन्या ब्राउझरमधून सीएसव्ही फाईल (साध्या मजकुराची यादी) काढून आणता येतात, पण त्या फाईलमध्ये सगळे पासवर्ड उघडे लिहिलेले असतात. काम झालं की ती पुसा, रिसायकल बिनमधूनही.

आता माझ्या आवडीची गोष्ट. आमच्याकडे एक निवृत्त गुरुजी येतात, एक-चौदाचा, म्हणजे जमिनीचा उतारा काढायचं निमित्त करून मराठी बातम्या वाचत बसतात. त्यांची तक्रार एकच: अक्षर मुंगीएवढं. फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, जनरल, फॉन्ट्स, मग 'अ‍ॅडव्हान्स्ड' उघडा. वर 'फॉन्ट्स फॉर' अशी यादी आहे, तिच्यात देवनागरी निवडा. इथे फक्त देवनागरीसाठी वेगळा फॉन्ट आणि वेगळा आकार ठरवता येतो, इंग्रजीला हात न लावता. मी निर्मला यूआय ठेवला, आकार २०, आणि 'मिनिमम फॉन्ट साइज' १६. जोडाक्षरं स्पष्ट दिसू लागली. खालची 'पेजेसना स्वतःचे फॉन्ट वापरू द्या' ही खूण मीही काढून पाहिली होती. काही साइटींवर बटणांच्या जागी नुसते चौकोन आले. ती खूण राहू द्या.

आता घोटाळा. एका मुलीच्या परीक्षेची फी भरली, पैसे कापले गेले, पावती आलीच नाही. मुलीच्या डोळ्यांत पाणी, मागे रांग. पावती वेगळ्या खिडकीत उघडणार होती आणि फायरफॉक्सने ती अडवली होती. पानाच्या वर एक पट्टी आली होती, मी बघितलीच नव्हती. तिच्यातून त्या साइटला पॉप-अपची, म्हणजे अशी वेगळी खिडकी उघडायची परवानगी दिली आणि पावती मिळाली. एखादं पान अर्धवटच उघडत असेल तर पत्त्याच्या डावीकडची ढाल दाबा आणि तेवढ्या साइटपुरतं ट्रॅकिंग (आपल्यावर पाळत ठेवणं) अडवणं बंद करून बघा. तरीही अडलं तर जुना ब्राउझर आहेच. मी एका बँकेचं काम अजून तिथेच करतो.

बोटांना एक सवय बदलावी लागते. खाजगी खिडकीसाठी, जी बंद केली की काय बघितलं ते ब्राउझर विसरतो, क्रोममध्ये कंट्रोल-शिफ्ट-एन, इथे कंट्रोल-शिफ्ट-पी. गिऱ्हाइकाने मेल उघडायचा म्हटलं की मी आधी तीच उघडून देतो. आणि जनरलमधली 'ओपन प्रीव्हियस विंडोज अँड टॅब्स' ही खूण करून ठेवा. वीज येते तेव्हा गुरुजींचं पान जागच्या जागी असतं. खाजगी खिडकीतलं मात्र परत येत नाही, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

आठ दिवस वापरा. जमला तर डीफॉल्ट करा, नाही जमला तर काढून टाका. जुन्या ब्राउझरमधले बुकमार्क कुठे गेलेले नसतात. इम्पोर्टने फक्त झेरॉक्स काढलेली असते.