अण्वस्त्रं कुणाकडे असावीत? वादस्पर्धेची तयारी

शाहू स्मारक भवन असो की कॉलेजचं सभागृह, कोल्हापुरात हा विषय निघाला की दुसऱ्याच मिनिटाला वक्ता पाकिस्तानवर घसरतो. टाळ्या पडतात, गुण पडत नाहीत. विचारलेलं असतं निकषाबद्दल आणि उत्तर मिळतं शत्रूबद्दल.

म्हणून आधी निकष ठरवा, देशांची नावं नंतर. एक मोठा कागद आडवा धरा. वर नऊ रकाने: अमेरिका, रशिया, ब्रिटन, फ्रान्स, चीन, भारत, पाकिस्तान, इस्रायल, उत्तर कोरिया. डावीकडे निकष लिहा आणि प्रत्येक निकष नऊच्या नऊ देशांना लावा. ‘लोकशाही हवी’ म्हणालात तर रशिया, चीन गळतात. पण 1945 मध्ये दोन शहरांवर बॉम्ब टाकणारा एकमेव देश आत राहतो. ‘प्रथम वापर नाही’, म्हणजे आपण होऊन आधी अण्वस्त्र वापरणार नाही, हा निकष लावला तर चीन आणि भारत टिकतात, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया, पाकिस्तान बाहेर. ‘शेजाऱ्यापासून धोका’ म्हणालात तर उत्तर कोरियाही हात वर करेल. आपल्या आवडीचे देश आत ठेवणारा निकष शोधत बसू नका. परीक्षकाच्या ते लगेच लक्षात येतं.

मग करार. अण्वस्त्रप्रसारबंदी करार 1968 चा, 1970 पासून लागू. 1 जानेवारी 1967 पूर्वी अणुस्फोट केलेले पाचच देश त्यात अण्वस्त्रधारी. बाकीच्यांनी बॉम्ब बनवायचा नाही. बदल्यात कलम 4 नुसार शांततेच्या कामासाठी अणुऊर्जेचा हक्क, आणि कलम 6 नुसार निःशस्त्रीकरणाच्या वाटाघाटी प्रामाणिकपणे करण्याचं सर्वांवर बंधन. भाषणाचा कणा कलम 6 हाच. ते पाठ हवं.

इथं कोल्हापूरचा श्रोता चटकन पकडेल असा दाखला म्हणजे वतन. पाच देशांना तारखेच्या जोरावर मिळालेला हक्क वतनासारखाच आहे, हे पटवता येतं. पण शाहू महाराजांनी 1918 मध्ये कुलकर्णी वतनं बरखास्त करून पगारी तलाठी नेमले. घरटी एकेक वतन वाटलं नाही. पाचांची मक्तेदारी अन्यायाची आहे, एवढं सिद्ध केल्यानं ‘म्हणून आम्हालाही हवीत’ हे सिद्ध होत नाही. निम्मे वक्ते याच फटीत पडतात. दुसऱ्या विधानाला सुरक्षेचा वेगळा युक्तिवाद लागतो, तो वेगळाच मांडा.

उदाहरणं दोनच घ्या, पण नीट. दक्षिण आफ्रिकेनं सहा बॉम्ब बनवले, मोडले आणि 1991 मध्ये करारात प्रवेश केला. युक्रेननं सोव्हिएत काळापासून आपल्याकडे राहिलेली अस्त्रं 1996 पर्यंत रशियाला दिली; बदल्यात 1994 च्या बुडापेस्ट मेमोरँडममध्ये त्याला सुरक्षेची लेखी आश्वासनं मिळाली. 2014 मध्ये क्रिमिया गेला. ‘बॉम्ब असता तर वाचले असते’ असं बेधडक म्हणू नका. अस्त्रं डागण्याचं नियंत्रण मॉस्कोकडे होतं, आणि मदतीला सैन्य पाठवण्याचं वचन त्या मेमोरँडममध्ये कुणीच दिलेलं नव्हतं. प्रतिपक्ष तयारीचा असेल तर इथंच धरतो.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं 1996 चं मत अर्धवट सांगू नका. अण्वस्त्रांचा वापर सर्वसाधारणपणे कायद्याविरुद्ध, पण देशाच्या अस्तित्वावरच बेतलं तर काय, यावर ठाम निर्णय नाही. न्यायाधीशांची मतं 7 विरुद्ध 7 पडली, अध्यक्षांच्या निर्णायक मतानं ठरलं.

सात मिनिटं असतील तर एक मिनिट निकषाला, दोन कराराला, दोन उदाहरणांना ठेवा. उरलेली दोन प्रतिवादासाठी राखून ठेवा. कवितेला वेळ नाही.

प्रश्नोत्तरात ‘इराणला नाही, मग भारताला का?’ हे येणारच. इराणनं करारावर सही केली आहे, भारतानं कधीच केली नाही. त्यामुळे भारतानं तो करार मोडला नाही. पण तेवढ्यावर थांबू नका. 1974 च्या पोखरण स्फोटाचं प्लुटोनियम कॅनडानं शांततेच्या वापरासाठी दिलेल्या सायरस अणुभट्टीतून आलं होतं. हे तुम्हीच आधी सांगा, म्हणजे समोरच्याच्या हातातला पत्ता गेला.