पुण्याला निघण्याआधी गाडी सर्विसिंगला टाकताना

माझी स्कोडा ऑक्टाविया आरएस २०१७ सालची. दर दिवाळीला ती आम्हाला इंदूरहून पुण्याला नेते: सेंधव्यापुढे बिजासन घाट, मग शिरपूर, धुळे, मालेगाव, नाशिक, सगळे मिळून जवळजवळ ६०० किलोमीटर. सर्विसिंग करायचं ते दसऱ्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातच. धनतेरस जवळ आली की सर्विस सेंटरवर झुंबड उडते आणि आपलं म्हणणं ऐकून घ्यायला कुणाला वेळ नसतो. शिवाय नवं ऑइल पडल्यावर निघण्याआधी गाडी दोन-तीनशे किलोमीटर चालायला हवी; काही गळत असेल तर ते घाटात नव्हे, घरीच कळावं.

पहिलं काम वहीतलं. मागचं ऑइल कधी बदललं, तेव्हा मीटरवर किती किलोमीटर होते, मध्ये किती टॉप-अप केलं, आणि वर्षभर गाडी कशी चालली, हे लिहून काढा. यातलं शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. कंपनी म्हणते १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. पण आमची गाडी वर्षातले बहुतेक दिवस रामबागेतून राजवाडा नाहीतर पलासिया चौराहा, एवढीच जाते. पाण्याचा काटा लवकर ९० वर येतो, ऑइल मात्र बराच वेळ थंडच असतं; आमच्या गाडीत त्याचं तापमान पडद्यावर दिसतं, तुमच्यातही दिसत असेल तर आठवडाभर लक्ष ठेवून बघा. थंड इंजिनात पेट्रोल जास्त पडतं, त्यातलं थोडं पिस्टनच्या रिंगांच्या कडेने खाली ऑइलमध्ये उतरतं, आणि ऑइल चांगलं तापल्याशिवाय ते उडून जात नाही. म्हणजे किलोमीटर कमी आणि ऑइल मात्र पातळ. टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो, तो याच ऑइलच्या बारीक थरावर.

इंदूरजवळ पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा ११.३ किलोमीटरचा हाय-स्पीड ट्रॅक २०२१ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून इथे अनेकांना वाटतं की ऑइलचे हाल फक्त तसल्या वेगात होतात. तशा वेगात ऑइल खूप तापतं हे खरंच, आणि ट्रॅकवर गाडी हाणली असेल तर परत आल्यावर ते बदलावंच. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या गाड्यांना मारतात त्या दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या. म्हणून १५,००० हा आकडा मी शेवटची मर्यादा मानतो. ७,५०० किलोमीटरला किंवा वर्षाला ऑइल बदलतो, आणि गाडी नुसती गावातच फिरली असेल तर सहा महिन्यांनी.

मग गाडीचं पुस्तक उघडा. ऑइलच्या डब्यावरचं ५डब्ल्यू-३० ही फक्त त्याची जाडी झाली. पुस्तकात त्याच्या शेजारी कंपनीचा मंजुरी क्रमांक असतो: फोक्सवॅगन-स्कोडाचा ५०२ ०० किंवा ५०४ ००, बीएमडब्ल्यूचा एलएल-०१, मर्सिडीजचा २२९.५, पोर्शचा ए४०. एकाच जाडीच्या दोन डब्यांवर वेगवेगळे क्रमांक असू शकतात. तुमच्या पुस्तकातला क्रमांक ज्या डब्यावर असेल तेच ऑइल तुमचं. इंदूरचा उन्हाळा ४२-४३ अंशांचा, तेव्हा जाड ऑइल घाला, असा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. तापलेल्या इंजिनात ऑइल १०० अंशांच्या आसपास असतंच, आणि कोणती जाडी चालेल ते इंजिन बनवणाऱ्याने ठरवलेलं असतं. बीएमडब्ल्यूच्या जुन्या एम गाड्यांना १०डब्ल्यू-६० लागतं, तेही पुस्तकात लिहिलेलं असतं म्हणूनच.

हा क्रमांक घेऊन सर्विस सेंटरला फोन करा. ऑइल सीलबंद डब्यातलं घालता की ड्रममधलं, फिल्टर ओरिजिनल आहे का, आणि चेसिस नंबरवर कंपनीचं काही रिकॉलचं (दोष दुरुस्त करायला गाड्या परत बोलावल्याचं) काम बाकी आहे का, हे तिन्ही विचारा. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणी माझ्या गाडीत भलतंच ऑइल घातलं गेलं. बिलावर नुसतं ‘इंजिन ऑइल’ लिहिलेलं, त्यामुळे मला काही सिद्ध करता आलं नाही. पुन्हा पैसे भरून दुसरीकडे बदलून घेतलं, आणि त्या रात्री झोप लागली नाही.

आदल्या दिवशी डिकी रिकामी करा, डॅशकॅमचं कार्ड काढून घ्या, चाकांच्या लॉक बोल्टची किल्ली टूलकिटमध्ये आहे का बघा. ती नसली तर चाकं निघत नाहीत आणि ब्रेकचं काम राहून जातं.

सकाळी गाडी चालवत न्या, गरम ऑइल नीट निथळतं. जॉब कार्डवर मंजुरी क्रमांक स्वतः वाचून लिहून घ्या, ऑइल काढायचा ड्रेन बोल्ट नवा आणि जुना फिल्टर परत, हेही त्यावरच. सहा गियरच्या, ऑइलमध्ये बुडालेल्या (ओल्या) क्लचच्या डीएसजी ऑटोमॅटिक गियरबॉक्सचं ऑइल ६०,००० किलोमीटरला बदलायचं असतं, ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी; त्यांची वेळ झाली आहे का ते वहीत बघा. इंजिन फ्लश (आतून इंजिन धुण्याचं रसायन) आणि वरून घालायच्या बाटल्यांना नम्रपणे नाही म्हणा. वॉरंटी असेपर्यंत वर्षाचं सर्विसिंग कंपनीच्याच सेंटरला करावं. मधलं ऑइल ओळखीच्या मिस्त्रीकडे बदललं तरी तेच ऑइल वापरा आणि बिल जपून ठेवा.

ताबा घेण्याआधी सपाट जागेवर इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, काढून बघा. जास्त भरलेलं ऑइलही वाईटच. नव्या बऱ्याच बीएमडब्ल्यूंना डिपस्टिक नसते, तिथे मोजणी पडद्यावर करून घ्या. बिलावर ऑइलचं पूर्ण नाव आणि लिटर हवेत.

रात्री गाडीखाली वर्तमानपत्र पसरा आणि सकाळी डाग पडलाय का बघा. निघायच्या आदल्या संध्याकाळी पातळी पुन्हा एकदा तपासा. त्याच ऑइलचा एक लिटरचा डबा, लहान नरसाळं आणि जुनं धोतराचं फडकं डिकीत ठेवा.